फाळणीचा आकडा नको, नावे लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणीच्या अत्याचारांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. फाळणीत किती माणसे मारली गेली, याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. एवढी तफावत असली की जो तो सोयीचा आकडा उचलतो. याचे फळ सर्बिया, क्रोएशिया वगैरे प्रांत मिळून झालेल्या आणि पुढे फुटलेल्या युगोस्लाव्हियाने भोगले आहे.

दुसऱ्या महायुद्धात आपली १७ लाख माणसे गेली, असे तिथले सरकार सांगत असे. १९६४ मध्ये नावनिशीवार मोजणी झाली आणि नावे भरली ५,९७,३२३. मोजणी अपुरी होती, शत्रूच्या बाजूने लढलेले तीत धरले नव्हते. तरीही फरक जवळपास तिपटीचा. यादी पूर्ण करायची सोडून सरकारने ती दडपली. मग महायुद्धात क्रोएशियातल्या नाझीधार्जिण्या राजवटीने चालवलेल्या यासेनोवाच छळछावणीत सात लाख मेले असे सर्ब नेते म्हणू लागले, तर क्रोएशियाचे नेते तुजमान तो आकडा तीस-चाळीस हजारांवर आणू लागले. जुनी भीती चेतवायला दोघांनाही रान मोकळे मिळाले आणि १९९१ मध्ये युद्ध पेटले. आज यासेनोवाचच्या स्मारकाच्या यादीत ८३ हजारांवर नावे आहेत. ही यादी तीस वर्षे आधी लोकांपुढे यायला हवी होती.

आपल्या पिंपरी कॅम्पात सिंधमधून आलेली कुटुंबे आहेत. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीच्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीकडे झुकली आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करावी. दर मृत वा बेपत्ता व्यक्तीला एक पान: नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, घटनेची तारीख, सांगणाऱ्याचे नाते. तारीख आठवत नसेल तर कोणत्या सणाच्या आगेमागे, ते विचारावे. ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ हे रकाने वेगळेच हवेत. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण घरात वर्षानुवर्षे ऐकलेली गोष्ट माणूस डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगतो. नाव देवनागरीबरोबर सिंधी लिपीतही लिहावे, नाहीतर मामाने आणि भाच्याने सांगितलेला एकच माणूस दोनदा मोजला जातो. पळवून नेलेल्या स्त्रियांची नावे तर घरचेच गाळतात. त्यासाठी विचारणाऱ्याही बायकाच हव्यात. ज्या परधर्मीय शेजाऱ्यांनी आसरा दिला त्यांची आणि सीमेच्या अलीकडे मारल्या गेलेल्या मुसलमानांची नावेही, कुणी सांगितली तर, याच नोंदवहीत यावीत.

नोंदींची एक प्रत कुटुंबाकडे राहावी, दुसरी पुणे पुराभिलेखागारात, कुणालाही पाहता येईल अशी. महापालिकांनी पुढच्या १४ ऑगस्टची वाट न पाहता हे काम हाती घ्यावे.

आपले,
इतिहासाचे काही अभ्यासक, पुणे