पाद्र्याचं मेज आणि तुमचा चपडा

लीड्स
रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. न.

बाबा, आधी कबुली देते. लिलावात 85 पौंडांना लिहायचं एक जुनं मेज घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं पॉलिश घालवलं. झाकणावर कसलासा डाग दिसला म्हणून हँड सॅनिटायझरने पुसलं. जागा चिकट झाली, बोट टेकवलं तर ठसा उठला! तेव्हा कुठे तुमचं दुकान आठवलं. रात्री बरणीत चपडा, म्हणजे लाखेच्या त्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घातलेला असायचा आणि सकाळी कापसाचा बोळा करून द्यायचं काम माझं. इथे त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, पण लाख आपल्याकडच्या पळस-कुसुमावरचीच. स्पिरिटमध्ये विरघळलेली वस्तू मी स्पिरिटनेच पुसली. सुताराची लेक! हसा खुशाल.

मेज महोगनीचं आहे, साधारण 1800 सालचं. इथल्या एका खेड्यातल्या पाद्र्याचं होतं म्हणे. असल्या काळपट, जड सामानाला हल्ली इथे कुणी विचारत नाही, म्हणून परवडलं. तिरकं झाकण पुढे पाडलं की तीच लिहायची फळी, आणि तिला टेकू म्हणून खालून दोन पट्ट्या ओढायच्या. खणांचे कबुतराच्या शेपटीसारखे सांधे हाताने कापलेत, एक शेपटी जाड, शेजारची बारीक. तुम्ही तासभर तेच बघत बसला असतात.

आत कागदांचे कप्पे, मधे एक इवलंसं दार आणि त्याच्या दोन बाजूंना नक्षीचे खांब. मला वाटलं, शोभेचे. परवा धूळ पुसताना एक खांब सरळ हातातच आला! मागे उभा, अरुंद चोरखण. आई, सोनंनाणं विचारू नकोस. टाकाचं एक गंजकं निब निघालं, बस.

दर रविवारचं प्रवचन तो पाद्री इथेच लिहीत असणार. शिवाय गावातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळ्यांची नोंद पाद्र्याकडेच. 1813 पासून तर त्यासाठी छापील रकान्यांच्या वह्या आल्या, आणि त्या लोखंडी पेटीत ठेवायच्या असा कायदाच होता. म्हणजे अर्धा तलाठीच की हो.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? आणि बाबा, एका बाटलीला चपडा किती घालायचा ते तेवढं कळवा. फोनवर नको, लिहूनच पाठवा. चोरखण रिकामा आहे.

तुमची,
ताई