बर्फ की फुलं?

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

इकडे माझ्याकडे कधी यायचं यावर फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता, म्हणून लिहून कळवते. आईला फुलं हवीत, बाबांना बर्फ. स्वित्झर्लंडचा हा ग्राउब्युंडेन प्रांत मी उन्हाळ्यातही फिरले आणि हिवाळ्यातही, आणि माझं मत आईकडे आहे. बाबा, रागावू नका. तुमची गाडी बाराही महिने धावते.

गाडी म्हणजे बेर्निना खिंडीतून जाणारी रेल्वे. मीटरगेज, १९१० पासून पूर्ण मार्गावर चालू. नेरळ-माथेरानचा चढ वीसास एक ना? इथे चौदास एक आहे, तरी मध्ये दात्यांचा रूळ नाही. सगळं निव्वळ चाकांच्या पकडीवर. खिंड बोगद्याने चुकवलेली नाही. गाडी उघड्यावरून २,२५३ मीटरपर्यंत चढते आणि इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरवर उतरते. वाटेत ब्रुझिओला पूर्ण गोल वळसा घेत दगडी पुलाच्या कमानीखालून निघते. तिथे बाबांना खिडकीतून ओढून आत घ्यावं लागणार.

खूर शहरात सगळं जर्मन. आल्बुलाचा बोगदा ओलांडून एंगाडीनच्या खोऱ्यात शिरलं की घरांच्या भिंतींवर रोमान्श, आणि खिंडीपलीकडे पोस्कियावोत इटालियन. आपल्या बेळगावात एकाच दुकानात तीन भाषा कानावर पडतात, इथे त्या खोऱ्याखोऱ्यांत वाटल्या गेल्यात. रोमान्श जेमतेम ४० हजार लोकांची मुख्य भाषा, तरी १९३८ साली साऱ्या देशाने मतदान करून तिला राष्ट्रभाषांत घेतलं. तिच्यातही पाच लेखी बोली! सर्वांसाठी एक प्रमाण रूप १९८२ मध्ये तयार केलं, पण बऱ्याच गावांनी शाळेत आपलीच बोली परत आणली. सीमाप्रश्नावर बाबांचं भाषण सुरू व्हायच्या आत पुढे जाते.

खिंडीत दोन तळी आहेत, लागो बियांको आणि लेय नायर. पहिलं हिमनदीच्या गाळाने दुधाळ, दुसरं काळंशार. मध्ये फक्त एक बांध, पण पांढऱ्याचं पाणी एड्रियाटिकला जातं आणि काळ्याचं डॅन्यूबमधून थेट काळ्या समुद्राला. जानेवारीत गेले तेव्हा कुठलं कुठलं ते कळेना, सगळीकडे एकच पांढरं. उन्हाळाच का, याचं माझं खरं कारण हे.

दुसरं कारण आईचा गुडघा. एंगाडीनमध्ये रात्री उणे वीसपर्यंत जातात. सेंट मोरिट्झचं तळं इतकं घट्ट गोठतं की फेब्रुवारीत त्यावर घोड्यांच्या शर्यती होतात. घोड्यांचं ठीक आहे, पण फुटपाथवरचा गोठलेला चकचकीत थर तुम्हाला नको. जुलैत आल्प ग्र्यूमला स्टेशनातून बाहेर आलं की समोर हिमनदी दिसते, बर्फात पाय न घालता. बाबांनी तेवढ्यावर भागवावं.

जेवणाची काळजी नको. पोस्कियावोत पिझोकेरी मिळते: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज. आईला लसूण जास्त वाटेल. अक्रोड-कॅरॅमलचा नुसटोर्टे मात्र बाबांपासून लपवून ठेवावा लागेल, शुगर बघता.

बर्फाचा हट्ट सुटतच नसेल, तर १ मार्च धरा. त्या दिवशी एंगाडीनची मुलं गळ्यात गुरांच्या घंटा अडकवून गावभर हिवाळा हाकलत फिरतात, आणि दिवसही जरा मोठे झालेले असतात.

जुलै की मार्च, एवढं या आठवड्यात कळवा. उन्हाळ्यात व्हिसाच्या अपॉइंटमेंटला गर्दी होते. आणि आईचा पासपोर्ट कधी संपतोय, ते आधी बघा.

तुमची,
धाकटी