बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि माझी शनिवारची रेस

ती. आई-बाबा,

काल फोनवर आई "बरं, तुझं तू बघ" म्हणाली आणि बाबांनी नुसतं "हं" केलं, तेव्हापासून मनात तेच चाललंय. फोनवर मी भराभर बोलत सुटते, मग आई गप्प होते, मग मी अजून समजावायला लागते, त्यापेक्षा पत्र बरं. सावकाश वाचा. बाबा, तुम्ही नका डोळे ताणू, दादाला वाचून दाखवायला सांगितलंय.

जे ठरलंय ते आधी सांगते. येत्या शनिवारी इथे अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एम्पोरियाला मी अनबाउंड नावाची २०० मैलांची सायकल रेस चालवणार आहे, आणि बुधवारी बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी सांगलीत नसेन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं येतोय, तिकिटं काढून झालीयेत. आई, अधिक महिना जूनच्या मध्यापर्यंत आहे, म्हणजे जावयाचं वाण चुकत नाही, अनारसेही चुकत नाहीत. आंबे संपतील म्हणतेस ते खरंय, पण रस आटवून ठेव थोडा, चिऊला तसाही तोच जास्त आवडतो.

ही रेस पुढच्या वर्षी का नाही, असं दादानेही विचारलं. हिच्यात पैसे भरले की जागा मिळाली असं नसतं, लॉटरी असते, माझं नाव लागलं ते बाबांच्या डोळ्याची तारीख ठरायच्या खूप आधी. आणि ऑपरेशन पुढे ढकला असं मी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही, मोतीबिंदू पिकलाय, पावसाळ्याआधी झालेलंच बरं. दादा-वहिनी दोघांनी सुट्टी टाकलीये. मी सगळा हिशोब मांडून बघितला, खूप वेळा बघितला, पण खरं कारण हिशोबात नाहीये. मला ही रेस मनापासून करायची आहे. आणि बुधवारी मी तुमच्याजवळ नाही याचं वाईटही तितकंच वाटतंय. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक लपवून दुसरं सांगायचं नाही म्हणून असं सरळ लिहिलंय.

बाबा, आता तुमच्या कामाचं. तुम्ही विचारलंत ना, रस्ता कसला, डांबरी की कच्चा? जवळजवळ सगळा कच्चा. या भागाला फ्लिंट हिल्स म्हणतात, फ्लिंट म्हणजे आपली चकमक. चुनखडीचे थर आणि त्यात हे चकमकीचे दगड, फुटले की पात्यासारखी धार येते. रस्त्यावर जी खडी आहे ती याच दगडाची, वर रोलर फिरवून दाबलेली वगैरे काही नाही, ग्रेडर येऊन सारखी करून जातो तेवढंच. चाकाच्या दोन पट्ट्यांत बसलेली असते आणि मधे सैल. तुम्ही जतच्या रस्त्याच्या कामावर खडी टाचेने दाबून बघायचात ना, इथे टाच दाबली की सरळ आत जाईल. पण एक गोष्ट तुम्हाला आवडेल. दगड इतका वर असल्यामुळे इथे नांगर लागला नाही, म्हणून इथलं उंच गवत वाचलं. या जातीची गवताळ जमीन अमेरिकेत पूर्वी होती त्यातली चार टक्केसुद्धा उरली नाहीये, आणि जी आहे त्यातली बरीचशी इथे. वसंतात शेतकरी गवत पेटवतात, त्या दिवसांत सरावाला गेलं की कपड्यांना धुराचा वास यायचा आणि मला आटपाडीचं क्वार्टर आठवायचं.

अंतर ३२० किलोमीटर. पुण्याहून निघालं तर बेळगावच्या थोडं अलीकडे. मोठा घाट एकही नाही, नुसते चढउतार, चढउतार, सगळे मिळून तीन हजार मीटरच्या आसपास. म्हणून घाबरायचं डोंगराला नाही, टायरला. मी ४५ मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर घातलेत, कडेला जाड थर असलेले, कारण चकमक बहुतेक कडेलाच चिरते. आतलं सीलंट, म्हणजे छोटं भोक आपोआप बुजवणारं द्रव, परवाच ताजं भरलंय. शिवाय बरोबर दोन ट्यूबा, भोकात खुपसायच्या रबरी दोऱ्या, टायर फाटलाच तर आतून लावायचा तुकडा, पंप, चेनची जोडकडी, मागचा गियर फ्रेमला जोडणारा जादाचा हँगर, सगळं पिशवीत कुठे काय ते ठरलेलं. चेन धुऊन मेण लावलंय. ब्रेकचे पॅड नवे. मागच्या आठवड्यात गॅरेजमध्ये दिवा बंद करून मी ट्यूब बदलून बघितली, कारण रात्री वेळ आली तर हाताला माहीत हवं. "हत्यार कुठंय ते अंधारात सापडलं पाहिजे" हे कुणाचं वाक्य आहे ते मी सांगायला नको.

एक लाकडी पट्टीही घेतलीये, रंग ढवळायची. २०२३ साली पाऊस पडून सुरुवातीच्या मैलांतच असा चिखल झाला होता की लोक सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. आपल्या काळ्या मातीसारखाच, चाक फिरेना इतका बसतो. त्यात जोर लावून पॅडल मारलं की गियर मोडतो, म्हणून चिखल दिसला की उतरायचं, पट्टीने खरवडायचं, मग पुढे. मी उतरणार आहे बाबा, हट्ट करणार नाही.

आता आई. "बायका कुठं असलं करतात" म्हणालीस. अगं करतात. २००६ ला ही रेस सुरू झाली तेव्हा सगळे मिळून ३४ जण होते, आता सगळ्या अंतरांचे मिळून हजारो येतात. २०१७ साली तर २०० बायकांनी २०० मैल चालवावेत म्हणून आयोजकांनी खास मोहीम काढली होती. माझ्या ग्रुपमध्ये माझ्याहून मोठ्या बायका आहेत, एक आजी आहे. आणि मनगट पूर्ण बरं आहे, खडबडीत रस्त्यावर पाच-सहा तास धरूनही दुखत नाही. अप्पाकाकांच्या हृदयाचं तू बोलली नाहीस पण तुझ्या मनात तेच आहे, मला कळतं. म्हणून मार्चमध्येच ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, रक्त सगळं करून घेतलं, डॉक्टरांना रेस किती लांबीची ते स्पष्ट सांगून. सगळं नीट आहे. रिपोर्ट दादाला पाठवलेत, त्याच्याकडून बघ.

खाण्याचं विचारलंस. दर तासाला साठ-सत्तर ग्रॅम साखर-स्टार्च पोटात जायलाच हवं, नाहीतर पाय थांबतात. सगळं एनर्जी जेलवर भागवलं तर माझं पोट बिघडतं, म्हणून जेल थोडे, बाकी तुझ्या हातचे नसले तरी तुझ्या पद्धतीचे राजगिऱ्याचे लाडू, उकडलेले बटाटे मीठ लावून, आणि चेकपॉइंटला मऊ भात, तूप-मीठ. शेंगदाण्याचे लाडू नाही घेत, त्या उन्हात पचायला जड जातात. पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी, सायकलला बाटल्या, त्यात मीठ-क्षाराची पावडर. आदल्या रात्री वरणभात, नवीन काहीही नाही. या दोन आठवड्यांत सायकल मुद्दाम कमी केलीये, पायांना विश्रांती म्हणून, त्यामुळे घरात बसून बसून तुमची फार आठवण येते. लहानपणी परीक्षेच्या आदल्या रात्री तू डोक्याला तेल लावून द्यायचीस आणि पुस्तक काढून घ्यायचीस, "आता जे येतंय ते येतंय, झोप". शुक्रवारी रात्री कुणीतरी तसं करायला हवं होतं गं.

पण मी एकटी नाहीये. जावई आणि चिऊ दोन्ही मोठ्या चेकपॉइंटना असणार, मला खायला घालणार, चेन पुसून देणार. मधे गाडी घेऊन येऊन मदत करायला परवानगी नसते, नियमच आहे, पण रस्त्यात पुढेमागे माणसं असतात, थांबून विचारतात. पुढे-मागे दिवे आहेत, पॉवर बँक आहे. ढग-विजा आल्या, अंगात थंडी भरली किंवा चक्कर वाटली तर मी थांबणार. हे जावयांना लिहून दिलंय, तुम्हालाही देते.

वेळा नीट लक्षात ठेवा. इथे सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सुटणार, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी दुपारचे साडेचार-पाच. सूर्य मावळायच्या आत पोचणाऱ्यांचा वेगळा मान असतो, तो मला नकोय, मी मध्यरात्रीच्या आधी पोचले तरी खूप, म्हणजे तुमची रविवारची सकाळ, नऊ-दहा. पहाटे तीनपर्यंत रेस उघडी असते, म्हणजे तुमचा दुपारचा दीड. तोपर्यंत फोन आला नाही तरी काळजी नाही. दादाच्या मोबाईलवर माझा ठिपका दिसेल, पण तिथे रेंज नसते, ठिपका तासभर जागचा हलला नाही तर मी पडले असं समजायचं नाही. रात्री जागायचं नाही. दहाला दोघांनी झोपायचं. बाबा, तुम्ही तर मोबाईल हातात धरायचाच नाही, डोळ्याला चार दिवससुद्धा झालेले नसतील.

आणि आता माझं ऐकायचं, कुरकुर न करता. ड्रॉप्सच्या वेळा वहिनी कागदावर लिहून फ्रीजला लावणार आहे, दोन ड्रॉप्समध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. डोळा चोळायचा नाही, खाज आली तरी नाही. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत बंद. काळा चष्मा घरातही. वाकून बादली उचलायची नाही, बागेतली तर मुळीच नाही, झाडांना पाणी दादा घालेल आणि चार दिवस कमी पडलं तर मोगरा मरत नाही. बुधवारपर्यंत साखर रोज तपासा आणि आकडा मला पाठवा, "ठीक आहे" असं नको, आकडा. आई, तू गच्चीवर कुरडया घालायला चढायचं नाहीस, गुडघा काय म्हणतोय ते मला वहिनीने सांगितलंय. अनारशाचे तांदूळ भिजव, पण कुटायचं-दळायचं माझ्यासाठी ठेव. आणि फोडणी देताना बाबांना स्वयंपाकघरातून बाहेर काढ, धूर नको.

रागावून नाही लिहिलं हं. बुधवारी तुम्ही आत जायच्या आधी मी व्हिडिओ कॉल करते, इथे मध्यरात्र असली तरी. बाबा, घाबरू नका, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि जूनमध्ये नव्या डोळ्याने माझा टायर तपासायचाय तुम्हाला, किती चिरलाय ते बघून सांगा खडी कुठल्या दर्जाची होती.

दोघांना नमस्कार. चिऊचा गोड पापा.

तुमची,
बेबी

ता.क. दादा, ऑपरेशनच्या फाइलमध्ये बाबांच्या गोळ्यांची यादी आणि अ‍ॅलर्जीचा कागद वर ठेव, मागच्या वेळी तो खाली गेला होता. आणि कॉफी थर्मासमध्ये ने, आईला तिथे बसून बसून डोकं दुखतं.