निळ्या बॅगेतली डिस्क

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल निघताना आपण नीट बोललोच नाही. तू चिडलीस, माझा आवाज चढला, आणि तू मागे न बघता जिना उतरलीस. ती बॅकअपची डिस्क मी तरीही निळ्या बॅगेत, स्वेटरच्या घडीत ठेवली आहे. रागावू नकोस.

‘दोन डिस्क मिरर केल्यात, तिसरी कशाला?’ असं तू म्हणालीस. मनू, मिरर म्हणजे दोन्ही डिस्कवर कायम एकच मजकूर; तो बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढंच. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. विजेचा झटका बसला, पाणी शिरलं, तर दोन्ही एकाच डब्यात आहेत. म्हणून एक प्रत घराबाहेर हवी. बघ, पुन्हा तेच. डिस्कचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो.

घरचं सांगतो. आजी आता जेलीफिन, आपल्या सर्व्हरवरचे चित्रपट दाखवणारं ते अ‍ॅप, स्वतः उघडते. काल तिचा चित्रपट सबटायटल लावले की अडकत होता. सबटायटल चित्रांच्या स्वरूपात होते, ते दृश्यावर उमटवायला सर्व्हर अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करत होता. नुसत्या मजकुराची साधी एसआरटी फाइल दिली आणि प्रोसेसर शांत झाला. तू दोन मिनिटांत ओळखलं असतंस, मला अकरा वाजले.

तू नववीत असतानाची ती रात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. जुनी डिस्क मरायला टेकली होती, रीबूटनंतर माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही. तिच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर. दोन वाजता, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनने प्रत काढणारं आरसिंक सुरू केलं, तेही मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही पुसणाऱ्या डिलीट पर्यायासकट. रिकाम्या फोल्डरबरहुकूम बॅकअपही रिकामा झाला. आजोबांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग गेलं ते तेव्हा. स्क्रिप्ट माझी होती. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर एक तपासणी घातलीस: डिस्क माउंट नसेल तर पुढे जायचंच नाही. शेजारी कॉमेंट, ‘बाबांसाठी’. सर्व्हर दोनदा बदलला, पण ती ओळ मी जशीच्या तशी पुढे आणली आहे. नववीतली पोर! मी कितीजणांना सांगितलं असेल.

तेव्हा महिन्यातून एकदा डिस्क लाव. नुसती लावू नकोस, एखादं फोल्डर दुसरीकडे परत आणून त्यातल्या फाइली उघडून बघ. डिस्क लक्स एन्क्रिप्शनने कुलूपबंद आहे. पासफ्रेज हरवला तर मलाही ती उघडता येणार नाही. तो कपाटातल्या वहीत आहे, तूही कुठेतरी लिहून ठेव. पुन्हा शिकवायला लागलो, माफ कर. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आजीच्या रिपोर्टबद्दल रविवारी फोनवर बोलू. मी रोज संध्याकाळी तिला बोलतं करून रेकॉर्ड करतोय. परवापर्यंतचं सगळं तुझ्याजवळच्या डिस्कवर आहे. पुढचं मी रात्री एसएसएचवरून, म्हणजे दोन मशीनमधल्या सुरक्षित जोडणीतून, पाठवू शकेन, पण त्यासाठी तुझं मशीन चालू हवं आणि ती डिस्क त्याला लावलेली हवी. दोन ते तीन, एवढाच वेळ. ठेवशील ना?

तुझा,
बाबा