मुंबईच्या गाण्यांतला रस्ता

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

चवथ झाली की गोव्यात गाण्यांच्या कार्यक्रमांना सुरुवात होते आणि जत्रांचे दिवस सरेपर्यंत ते चालूच राहतात. त्यांत मुंबईवरच्या गाण्यांचा एक भाग हमखास असतो. व्हिक्टोरियाचे (मुंबईच्या घोडागाडीचे) गाणे, लोकलचे, पावसातल्या मरीन ड्राइव्हचे, शाहिरांची मुंबईची लावणी, एखादे कोळीगीत. गाणारी मुले-मुली तयारीची असतात. तरीही त्या गाण्यांतून मुंबई ऐकू येत नाही, कारण शब्दांखालचा रस्ता, म्हणजे शहराचे आवाज आणि लय, कीबोर्डच्या तयार लूपवर (आपोआप फिरत राहणाऱ्या ठेक्यावर) सोपवलेला असतो. तो रस्ता परत आणता येतो, आणि त्याला लागणारी माणसे व वाद्ये बहुतेक सगळी गोव्यातच आहेत.

आधी घोडा. ‘सीआयडी’ (१९५६) या चित्रपटातले मजरूह सुलतानपुरी यांचे मुंबईचे गाणे, ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’, सर्वांना पाठ आहे. त्याच्या मुखड्याची चाल ‘क्लेमंटाइन’ या जुन्या अमेरिकन लोकगीतावरून आली. मूळ गीत तीन मात्रांचे, पाळण्यासारखे झुलणारे. ओ. पी. नय्यर यांनी ते चाराच्या ठेक्यात बसवले आणि झुलणारे गाणे रस्त्याने चालू लागले. चालीपेक्षाही हा ठेक्यातला बदल म्हणजे मुंबई, असे आम्हाला वाटते. म्हणून या गाण्यात काही सोडायचेच असेल तर व्हायोलिन सोडा, दुडकी चाल सोडू नका.

दुडक्या चालीत घोड्याचा पुढचा एका बाजूचा आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय जोडीने पडतात. म्हणजे एका पावलीत दोनच ठोके, सारख्या अंतराने. मिनिटाला साधारण १५० ते १६०. मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) ७६ ते ८० वर लावून एका टिकेत दोन ठोके वाजवले की व्हिक्टोरिया उभी राहते. नेहमीची चूक ही की ऑक्टापॅडवरचा (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरचा) ‘घोडा’ म्हणजे चौखूर उधळलेल्या घोड्याचा नमुना असतो. त्यात तीन ठोके पाठोपाठ आणि मग पोकळी. तो पाठलागाच्या प्रसंगाला ठीक. गिरगाव चौपाटीकडे सवारी घेऊन निघालेल्या गाडीला तो लावला की गायकाला श्वास घ्यायला जागा राहत नाही आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत लय चढलेली असते.

हा आवाज करायला करवंटीइतके चांगले साधन नाही. नारळ आपटून फोडला की कडा वेड्यावाकड्या निघतात, म्हणून तो मध्यावर करवतीने कापावा. खोबरे पूर्ण खरवडावे, करवंट्या उन्हात कडकडीत वाळवाव्यात आणि कडा पॉलिश पेपरने सपाट कराव्यात. कड एकसारखी टेकली नाही तर ‘टॉक’ऐवजी ‘चट्’ येते. डोळ्यांकडची अर्धी आणि दुसरी अर्धी यांचा नाद थोडा निराळा असतो. तो फरक ठेवावा, पायांचा डावा-उजवा त्यातूनच कळतो. खाली सागाची किंवा फणसाची फळी आणि तिच्यावर गोणपाटाचा एक पदर घ्यावा. नुसत्या फळीवर आवाज फरसबंदीचा येतो, दोन पदरांवर चिखलाचा. साधा डायनॅमिक माइक वीतभर अंतरावर ठेवून मिक्सरवर २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की पुरे. मुंबईतल्या घोडागाड्या बेकायदा ठरवून बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आणि ट्राम तर ३१ मार्च १९६४ लाच थांबली. आता हे आवाज वादकाने केले नाहीत तर ते कानावर पडायचेच नाहीत.

लोकलचे गणित याहून रंजक आहे. रुळांचे तुकडे १३ मीटरचे असत आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर चाक आपटे. गाडी ताशी ४५ किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे जवळपास दर सेकंदाला एक सांधा. डब्याखालच्या बोगीत चाकांच्या दोन जोड्या, एकमेकींपासून सुमारे तीन मीटरवर, त्यामुळे एका सांध्यावर दोन आपट, पाव सेकंदाच्या फरकाने. म्हणजे मेट्रोनोम ६० वर ठेवा, मात्रेचे चार भाग करा, पहिल्या दोन भागांवर ‘धड-धड’ आणि उरलेले दोन रिकामे. ते रिकामे ठेवणेच अवघड जाते. वादकाचा हात तिथे काहीतरी भरतो आणि लोकलची मालगाडी होते. गाडी स्थानकात शिरताना दोन धडांतले अंतर आणि मधली पोकळी दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. नुसती पोकळी वाढवली तर गाडी थांबत नाही, अडखळते.

मुंबईला जाऊन मोबाइलवर आवाज घेऊन यायचा बेत कोणी केला तर हे सापडणार नाही, कारण आता रूळ जोडून सलग केलेले असतात. सांधा बदलताना तेवढी खडखड ऐकू येते. म्हणून ती हातानेच वाजवायला हवी, आणि त्यासाठी घुमट, म्हणजे मडक्यावर चामडे ताणून केलेले गोव्याचे वाद्य, उत्तम. उजव्या हाताने चामड्यावर दोन ठोके, डाव्या तळव्याने मडक्याचे उघडे तोंड किंचित झाकून दुसरा ठोका खाली दाबायचा. ‘धड-धुड’. सोबत स्नेअर या चपट्या ड्रमवर ब्रश अगदी हलका. घुमटाला २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण वाद्यवृंदात ते क्वचितच येते. घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी असल्याने आता बकरीचे कातडे लावतात. ते दमट हवेत लवकर उतरते. रंगमंचामागे एक पिवळा बल्ब लावून त्याच्यापासून दीड-दोन वितींवर घुमट ठेवावे. जवळ धरले तर कडेला चामडे तडकते.

पावसाच्या गाण्यांबद्दल एवढेच, की पावसाचा ध्वनिपरिणाम गायनाखाली चालू ठेवू नये. सरींचा आवाज सर्व कंपनांवर पसरलेला असतो आणि ‘स’, ‘श’, ‘छ’ गिळून टाकतो. मग ध्वनिव्यवस्थापक गायकाचा आवाज चढवतो आणि माइकची शिट्टी सुरू होते. मधल्या संगीतात पाऊस पाडावा, शब्द येण्याआधी दोन मात्रा थांबवावा.

शाहिरी गाण्यांत मात्र चूक वाद्यांइतकीच उच्चारांची असते. पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे, दोघांनीही मुंबईवर लावणी रचली. एकाच्या नजरेत नगरीचा थाट, दुसऱ्याच्या नजरेत मलबार हिल आणि कामगारवस्ती यांच्यामधली दरी. अशा रचनांत ठिकाणांची नावे लयीचे खांब असतात. परळ तीन मात्रांचे, दादर चार, गिरगाव पाच, लालबाग आणि भायखळा सहा. शाहीर ‘परळ’ ताणून चारात बसवतो, ते शोभते. पण ‘लालबाग’ चारात कोंबले की ‘ल्बाग’ होते, आणि ऐकणाऱ्याला तो कुठे उभा आहे तेच कळत नाही. बोलताना शेवटचा ‘ग’ आपण अर्धा सोडतो. गाताना तो पूर्ण हवा. मोबाइलवर शब्द वाचत गाणाऱ्यांनी निदान नावे तरी टाळी देऊन म्हणून पाहावीत.

ढोलकीच्या जागी तबला घेऊ नये. तबल्याचा नाद गोल असतो, मैफलीचा. ढोलकीच्या लहान तोंडाची कडक थाप उघड्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत जाते, ती त्याच कामासाठी घडली आहे. तुणतुण्याची तार गायकाच्या षड्जाला मिळवलेली असावी. ‘ते तसेच वाजते’ म्हणून बेसूर सोडून देतात, ते कानाला सतत टोचते. झीलकरी (शाहिराच्या मागे सूर धरणारे) निदान दोन, जमल्यास तीन, स्वतंत्र माइकवर. शाहिराचे शेवटचे अक्षर हवेत असतानाच झील उचलायची असते. कीबोर्डवरचे समूहस्वर ते करू शकत नाहीत, कारण त्यांना अक्षर ऐकू येत नाही.

आता या पत्राचा खरा विषय. मुंबईच्या नगरगीतांचा तो झगमगता भाग, रात्रीचे हॉटेल, ट्रंपेटची फेक, एकसाथ उठणारी व्हायोलिने, तो कोणी वाजवला? गोव्याच्या माणसांनी: हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेली अशी माणसे मुंबईला गेली, आपापल्या गावच्या कुडींत (गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत) राहिली आणि स्टुडिओत बसली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी, मांडणीकार ती कागदावर पन्नास वादकांना वाटून देई. पलीकडे ढोलक, तबला, सतार वाजवणारे, कागदाशिवाय. ही दोन कुळे एका खोलीत बसली तेव्हा ते गाणे तयार झाले. पहिले तियात्रही (गोव्याचे कोंकणी संगीतनाट्य) १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच उभे राहिले, हे इथे आठवावे.

गोव्यात आज ही दोन्ही कुळे शेजारी आहेत आणि एकत्र बसत नाहीत. फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) वाजवणारे पितळी वाद्यांचे बँड गोव्याच्या सासष्टी आणि बार्देश तालुक्यांत आहेत, कागद समोर ठेवला की वाचून वाजवणारे. फोंड्याहून मडगाव वीसेक किलोमीटर. तरी मराठी वाद्यवृंदात ट्रंपेट कीबोर्डवरून वाजते. कीबोर्डच्या ब्रासमध्ये प्रत्येक स्वर सारख्याच जोराने सुरू होतो. खऱ्या ट्रंपेटवाल्याची जीभ एक स्वर टोचते, दुसरा सोडते, तिसऱ्यावर म्यूट (ट्रंपेटच्या तोंडात बसवायचे बूच) लावून आवाज नाकात नेते. शहराची रात्र त्या फरकात आहे. एकच ट्रंपेट मिळाले तरी वरची ओळ त्याला द्यावी आणि खालची क्लॅरिनेट किंवा आल्टो सॅक्सोफोनला. खालच्या ओळीला कीबोर्ड लावला की दोन्ही एकमेकांना खातात.

या वादकांना बोलावल्यावर बहुतेक वेळा जे फिसकटते ते पट्टीवरून. आपला गायक सांगतो ‘काळी एक’, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. कीबोर्डवाला कागदावर लिहितो सी-शार्प, सात शार्पांसह (स्वर चढवण्याच्या खुणांसह). ट्रंपेट बी-फ्लॅटचे वाद्य, त्याला सगळे एक पूर्ण स्वर वर लिहावे लागते. तो कागद मग वाचण्यापलीकडे जातो. तीच पट्टी डी-फ्लॅट म्हणून लिहा: ट्रंपेटला ई-फ्लॅट येतो, तीनच फ्लॅट (स्वर उतरवण्याच्या खुणा). आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, त्याला बी-फ्लॅट, दोन फ्लॅट. दोघेही ते झोपेत वाजवतील. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तर सरगम वाचणारा हसून पुढे जातो, पण नोटेशन वाचणाऱ्यासमोरचा कागद निकामी झालेला असतो. म्हणून पट्टी पहिल्या तालमीला ठरवावी आणि मग हलवू नये. पेटीचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झला मिळालेला आहे का हेही तेव्हाच पाहावे. पेटी खाली असली तर ट्रंपेटची नळी थोडी ओढून उतरवता येते. पेटी चढी असली तर फारसा इलाज नाही, शिवाय वाजवून वाजवून वाद्य तापले की त्याचा स्वर आपणहून चढतो तो निराळाच.

आणखी एक गोष्ट वेळेची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम २००० सालापासून आहे आणि तो योग्यच आहे. पण पाहुण्यांची भाषणे लांबतात आणि मग कापले जातात ते शेवटचे अंतरे. ‘सीआयडी’च्या गाण्यात गीता दत्त यांचा शेवटचा अंतरा आधीच्या सगळ्या तक्रारींना उलट उत्तर देतो: इथे जगणे सोपे आहे, असे ती सांगते. तो कापला की गाणे नुसते गाऱ्हाणे उरते. मोहम्मद रफी यांच्या तीन अंतऱ्यांपैकी एक कमी करा हवे तर, तिचा नको.

निवेदकांना एक विनंती. गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे तुम्ही घेता. त्या ओळीत समोर करवंट्या, घुमट, ट्रंपेट वाजवणाऱ्यांचीही घ्या, आणि मूळ गाण्याची मांडणी कोणाची हे नक्की माहीत असेल तिथे तेही नाव घ्या. दहा सेकंद लागतात.

आयोजकांसाठी शेवटचे. पितळी वाद्यांच्या वादकांना निदान दोन तालमी द्याव्यात, त्यातली पहिली ध्वनिक्षेपकाशिवाय, कारण ढोलकी आणि ट्रंपेट यांचा तोल कानांनीच ठरतो. त्यांना निरोप दिवाळीच्या आधी जायला हवा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, ८ डिसेंबरला पणजीचे, त्याच्या अलीकडे नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), पलीकडे नाताळ. त्या दिवसांत चांगला ट्रंपेटवाला मोकळा सापडणे कठीण, आणि आपल्या जत्राही तेव्हाच असतात.

आपले,
काही वादक आणि ध्वनितंत्रज्ञ,
फोंडा – गोवा