शिऱ्या, तू श्वास मोजला होतास

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय शिऱ्या,

दिवाळीत तुझा फोन आला, मी ‘उद्या करतो’ म्हणालो, आणि संक्रांतही होऊन गेली. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर थोडी वर, बाकी ठीक.

लिहायला बसलो ते एका आजोबांमुळे. हे सगळं घरी सांगून झालं, पण सुनीताला तो पिवळ्या शर्टातला पोरगा माहीत नाही. तुला माहीत आहे.

सध्या उसाचे दिवस. मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, अशा ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडं चाललेल्या. गेल्या सोमवारी ७१ वर्षांचे एक आजोबा मोपेडसकट अशाच ट्रॉलीवर मागून आदळले. हँडल उजव्या छातीत बसलं. शुद्धीवर होते, बीपी चांगलं, ऑक्सिजन ९५. सोनोग्राफीत पोट कोरडं, म्हणजे आत रक्त नाही, ईसीजी नीट. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या दिसल्या. तेवढ्यात हायवेवरून तिघं आले. त्यातल्या एकाच्या छातीत हवा कोंडलेली, मानेच्या शिरा तटतटलेल्या, बीपी लागेना. एक्स-रेची वाट न बघता बगलेपुढं बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत सुई घातली, सुस्स करून हवा सुटली, मग नळी. तो वाचला. सगळे त्याच्याभोवती. कोपऱ्यातनं आजोबा म्हणाले, “डाक्टर, म्हशीची धार काढायला घरात कोण न्हाई. गोळ्या द्या, जातो मी.” कॉटही हवी होती. पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल लिहिलं आणि सोडलं.

गुरुवारी आले ते बसूनच, आडवं होता येईना. कुणीतरी छातीला करकचून पट्टा आवळलेला. म्हणजे उरलासुरला श्वासही बांधलेला. ऑक्सिजन ८४. सीटीत दोनाच्या चार बरगड्या झाल्या. साध्या एक्स-रेत निम्म्या निसटतात हे मी इंटर्नना दरवर्षी शिकवतो रे! खाली रक्त साठलेलं, फुप्फुसाचा तळ मिटलेला, वर ताप. नळी घातली तर ९०० मिली जुनं काळं रक्त आलं.

मग सोमवारचा केसपेपर काढला. श्वास, मिनिटाला २०. शिऱ्या, आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाचा श्वास २० असतो. दम्याचा २०, पाय मोडलेल्याचा २०. कुणी मोजत नाही, सवयीनं लिहितात. मीही मोजला नव्हता. दुखतंय म्हणून म्हातारं माणूस वरवर श्वास घेतं, खोकत नाही, कफ आत साचतो, आणि मरतं ते न्यूमोनियानं, बरगडीनं नव्हे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एक मिनिट द्यायला हवा होता, तो दिला नाही.

आता त्या पिवळ्या शर्टातल्या पोराचं. जीपनं उडवलेला, एक्स-रे स्वच्छ, एकही बरगडी मोडलेली नाही. तू तुझं ते बाबांचं एचएमटी घड्याळ काढून त्याच्या उशाशी पूर्ण मिनिट बसलास आणि म्हणालास, याला सोडणार नाही. कॉट अडवतोस म्हणून मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडलो. आठ दिवस अबोला. तुझा भडंगाचा डबा मी त्याच काळात संपवला, हेही आता कबूल करतो. आळ बिचाऱ्या पाटलावर गेला होता. सकाळी त्या पोराचं डावं फुप्फुस एक्स-रेत पांढरं झालं होतं. लहान मुलांच्या बरगड्या वाकतात, मोडत नाहीत, सगळा मार फुप्फुस खातं. तू बरोबर होतास. मी मात्र सगळ्यांना ‘शिऱ्याचं नशीब’ म्हणून सांगत फिरलो. तेव्हा मागायची राहिलेली माफी आज मागतो.

शुक्रवारी भूलतज्ज्ञानं पाठीत नळी ठेवून तिथल्या नसा बधिर केल्या. अर्ध्या तासानं आजोबा पहिल्यांदा पोटातनं खोकले. असला घाण कफ बघून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रात आज दुसरा चेंडू उचलला. “पोरांचं खेळणं दिलंय,” म्हणतात, पण नातवाला हात लावू देत नाहीत. छातीतली नळी उद्या काढू बहुतेक. म्हशी शेजारी बघताहेत.

पासष्टीपुढच्या माणसाची एक जरी बरगडी मोडली असली तरी आता मी स्वतः घड्याळ लावून बसतो. माझ्यासमोर खोकायला लावतो. खोकता येत नसेल तर घरी नाही. सिस्टर वैतागल्यात. सोमवारची रात्र मात्र डोक्यातनं जात नाही. ते परत आले म्हणून कळलं. जे परत आले नाहीत ते कुठं गेले?

वहिनींची बदली रद्द झाली का? छोटीची दहावी ना यंदा? तिला सांग, काका पेढे घेऊन येणार.

आणि एक कळव. त्या पोराचे श्वास तू किती मोजले होतेस? तू तेव्हा आकडा सांगितला होतास, मी ऐकला नव्हता.

तुझा,
दिल्या