दत्तक मुलांच्या पालकांना दोन वर्षांनंतर कोण विचारतं?

महोदय,

नोव्हेंबर आला की दत्तक जनजागृतीचे कार्यक्रम होतात, नव्या पालकांचे हसरे फोटो छापून येतात. मूल घरी आल्यानंतर काय, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. उपासमार, मारहाण सोसलेलं, सांभाळणारी माणसं सतत बदलत गेलेलं मूल मोठं होऊन दत्तक येतं, तेव्हा ते बोलायलाच हवं.

आमची मुलगी सहा वर्षांची असताना आली. गादीखाली पोळ्या सापडायच्या, वाळून कडक झालेल्या. बेल वाजली की ती मोरीत जाऊन कडी लावायची. ‘लाडावून ठेवलीय, दोन फटके द्या,’ असं नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सुनावलं. पण ही चोरी नव्हे, हट्टही नव्हे. उद्या जेवायला मिळेल याचा भरवसा ज्या जिवाला कधी वाटलाच नाही, तो पोट भरलेलं असतानाही धास्तावलेलाच असतो. आम्ही तिच्या हाताशी चुरमुरे-लाडवांचा डबा ठेवला, तो कधी रिकामा होऊ दिला नाही आणि त्यावरून तिला एका शब्दानेही छेडलं नाही. पोळ्या लपवणं हळूहळू कमी झालं.

शाळेत दंगा केला की वर्गाबाहेर उभं करतात. इतर मुलांचं ते निभावतं; एकदा टाकलं गेलेल्या मुलाला मात्र आपल्याला परत टाकलं असंच वाटतं. ‘तान्हेपणीचा फोटो आणा’ हा प्रकल्प तर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात असतोच. बाईंना दोष कसा द्यायचा? त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं.

दत्तक नियमावली, २०२२ प्रमाणे संस्था दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल करते. पुढे ठरलेली भेट नाही. अशी मुलं बरेचदा सुरुवातीला पाहुण्यासारखी गुणी वागतात. हे घर आपलं आहे असं वाटू लागलं की मग सगळा राग, सगळी भीती बाहेर येते. आमच्याकडे ते तिसऱ्या वर्षी सुरू झालं आणि खासगी समुपदेशकांची फी सगळ्यांना झेपत नाही.

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे आठवड्यातला एक दिवस दत्तक कुटुंबांसाठी राखून ठेवावा, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. आणि पालिकेने आपल्या शाळांतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय येत्या जूनपासून घ्यावा.

— एक आई, भांडुप
(मुलीसाठी नाव छापू नये, ही विनंती.)